गव्हावरचं दळण

माझ्या घरात आजवर सहीच्या पलीकडे कोणी काही लिहिलेलं नाही. बाबा कंत्राटदाराच्या कागदावर सही करतात, आई बचत गटाच्या रजिस्टरवर करते, आणि सही करताना दोघंही श्वास रोखून धरतात. अशा घरातल्या मुलानं उठून स्वतःबद्दल लिहावं, तेही पोट, जुलाब, रक्ताचे रिपोर्ट असल्या गोष्टींबद्दल, हे मला नीटसं पटत नाही. म्हणून आधी माफी मागतो. मी डॉक्टर नाही. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि तेही दुसऱ्यांदा. ज्या आजाराबद्दल लिहिणार आहे त्याचं सिलिअॅक हे नाव धडपणे उच्चारायला मला महिना लागला. माझ्यापेक्षा जास्त सोसलेली, जास्त शिकलेली माणसं असतील, त्यांनी हे लिहायला हवं होतं. पण कॉलेजच्या लायब्ररीत मी दिवसचे दिवस शोधत होतो, तेव्हा माझ्यासारख्या कोणाचं मराठीत लिहिलेलं मला काहीच मिळालं नाही. तेवढ्या एका कारणानं लिहितो.

आमचं गाव मौद्याजवळ. तिकडे सगळा धान. सकाळी भात, संध्याकाळी भात, मधल्या वेळेला रात्रीचा उरलेला भात. गव्हाची पोळी होते ती सणाला, पाहुण्याला आणि आजारी माणसाला. भातानं पोट भरतं पण अंगात ताकद येत नाही, ताकद पोळीत असते, असं आमच्याकडे सगळे मानतात. मी लहानपणी वयाच्या मानानं बुटका होतो, सारखा पोट धरून बसायचो, आणि मी पोट धरून बसलो की आई दुधात पोळी कुस्करून द्यायची. नंतर हे आठवायलाही नको वाटायचं. पण तेव्हा ती वाटी मला फार आवडायची.

बारावीनंतर नागपूरला आलो. तिथल्या महाल भागात, एका गल्लीत, रामटेकच्या एका मुलाबरोबर खोली घेतली आणि मेस लावली. मेसमध्ये दोन्ही वेळा पोळ्या. पहिल्या दिवाळीपर्यंत माझी पँट कमरेला दोरीनं बांधावी लागत होती. दिवसातून सहा-सात वेळा पळावं लागायचं. पहिलं वर्ष कसंबसं निघालं. दुसऱ्या वर्षी जिना चढताना डोळ्यांपुढे काळं यायला लागलं. कोणी कावीळ म्हणालं, कोणी टीबी, बाबा म्हणाले शहराचं पाणी. सुट्टीत गावी गेलो की आई ताकदीसाठी पोळ्या करायची, आणि मी अजून खराब होऊन नागपूरला परत यायचो. त्या वर्षी परीक्षेच्या दिवशी मी सलाईनवर होतो. वर्ष गेलं, आणि पुढच्या वर्षी तर कॉलेजात नाव घालण्याइतकाही जीव नव्हता.

शेवटी सरकारी दवाखान्यात तोंडातून नळी घालून आतड्याचा बारीक तुकडा काढला आणि तपासला. डॉक्टरांनी बाबांसमोर सांगितलं, "याला गहू चालत नाही. गहू पोटात गेला की याचं शरीर स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करतं. पोळी, ब्रेड, रवा, मैदा, बिस्कीट, सगळं बंद. जन्मभर."

बाबा बराच वेळ कागद उलटसुलट करत राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "गव्हाचा कधी आजार राहते का बे? सारी दुनिया गहू खाऊन राहिली."

तरी घरानं ते पाळलं. आईनं पोळपाट धुऊन माळ्यावर टाकला. पाहुण्यांनाही भात वाढायला लागली. मी मेस बंद केली आणि खोलीवर हॉट प्लेट आणली. दर पंधरा दिवसांनी आई तांदळाचं पीठ पाठवायची. तिच्या हातची नाही तरी तिच्या पिठाची भाकर मी दोन्ही वेळा खायचो. बाहेरचं काही नाही. पोहेसुद्धा ठेल्यावरचे नाही, कारण तो त्याच तेलात समोसे तळतो. वर्षभर मी असा राहिलो. सुरुवातीला थोडं बरं वाटलं, मग ते थांबलं. पोट तसंच, थकवा तसाच. दवाखान्यात रक्त तपासलं, तर आजाराचा आकडा अजूनही असायला हवा त्याच्या कितीतरी पट वर. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"चोरून खातोस ना?"

"नाही सर."

"मित्रांबरोबर? एखादा समोसा?"

"नाही सर. आईची शपथ."

त्यांनी कागदावर इंग्रजीत काहीतरी लिहिलं. मी ते बाहेर येऊन शब्दकोशात शोधलं. पथ्य पाळत नाही, असा त्याचा अर्थ होता.

त्या दिवशी मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. पथ्य हेच या आजाराचं औषध, दुसरं कोणतंही नाही, असं मला सांगितलेलं होतं. ते औषध मी एकही दिवस न चुकवता घेतलं होतं आणि ते माझ्यावर चालत नव्हतं. बाबांनी फोनवर सांगून टाकलं, "या वर्षी परीक्षेले बसला तं ठीक. नाही तं घरी ये. वीजकेंद्रावर माह्या कंत्राटदाराले बोलून ठेवतो. जीव राहिला तं शिक्षन." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. ते घाबरलेले होते. पण घरी गेलो की मी परत येणार नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. आमच्या गावातून कॉलेजात जाऊन मधूनच परतलेले तिघं आहेत. ते आता कॉलेजचं नावही काढत नाहीत.

म्हणून मी शोधायला लागलो. देशात कुठल्या आजारावर कुठलं नवं औषध माणसांवर तपासून पाहिलं जात आहे, त्याची सरकारी नोंद इंटरनेटवर असते, हे मला प्राणिशास्त्राच्या एका सरांनी वर्गात बोलता बोलता सांगितलेलं आठवलं. लायब्ररीतल्या कोपऱ्यातल्या संगणकावर दुपारी गर्दी नसे. मी तिथे बसून आजाराचं नाव टाकायचो. अर्धे शब्द कळत नसत. एक वही केली, तिच्यात शब्द आणि अर्थ लिहीत गेलो. पहिली नोंद मिळाली ती दिल्लीची, तिची भरती संपलेली. दुसरी फक्त लहान मुलांसाठी. तिसऱ्या नोंदीतल्या नंबरावर फोन केला, तर कोणीतरी म्हणालं, "ते डॉक्टर गेले हो इथून. मी एक्स-रे मधला आहे. तुम्हाला एक्स-रे काढायचा का?" चौथ्या वेळी फोन उचललाच गेला नाही. मी अकरा दिवस रोज केला. कॉलेजच्या जिन्याखाली उभा राहून करायचो, आणि पलीकडे घंटा वाजत असताना आपण इंग्रजीत काय बोलायचं ते मनात म्हणत राहायचो.

मग एका नोंदीत केंद्रांच्या यादीत नागपूर दिसलं. मी ते बोट ठेवून तीनदा वाचलं. खोलीवर पळत आलो आणि रामटेकच्याला सांगितलं, "भरती सुरू आहे."

"पोलीस भरती का बे?" तो म्हणाला. "तू? धावशील?"

मी समजावून सांगितलं. तो भाजी चिरायचा थांबला. "म्हणजे तुह्यावर औषध टेस्ट करतीन? उंदरावानी?"

"उंदरांवर आधीच झालं."

"मंग उंदीर बरे झाले का, ते विचार पहिले."

त्या औषधाचा अभ्यास एका खाजगी रुग्णालयात चालू होता. संशोधनाचं सगळं काम पाहणाऱ्या एक ताई होत्या. मी त्यांना आधी मॅडम म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "ताई म्हण, आपल्याला बरेच दिवस भेटायचंय." त्यांनी माझ्यापुढे मराठीतला संमतीपत्राचा जाड गठ्ठा ठेवला आणि स्वतः पान पान वाचून दाखवला. मी मान हलवत होतो. खरं सांगायचं तर मी फक्त एकच गोष्ट ऐकत होतो, की औषध आहे.

"नीट ऐक," त्या म्हणाल्या. "काहींना औषधाची गोळी मिळेल, काहींना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. तुला कुठली मिळाली ते तुलाही कळणार नाही, मलाही नाही. आणि गोळी मिळाली म्हणजे पोळी खायची, असं नाही. पथ्य चालूच ठेवायचं."

"हो ताई."

"मी आत्ता काय सांगितलं?"

मला सांगता येईना. त्यांनी परत पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. एवढ्या धीरानं माझ्याशी कोणत्याही ऑफिसात कोणी बोललं नव्हतं, आणि त्यामुळे मला अजूनच वाटायला लागलं की इथेच आपलं काम होणार.

अट सोपी होती. आतड्याच्या तुकड्याची तपासणी झालेली असावी, गहू सोडून वर्ष झालेलं असावं, आणि तरीही रोगी बरा झालेला नसावा. मी तिन्हीत बसत होतो. मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा एक कागद असा आहे की जो माझ्यासारख्यासाठीच छापलेला आहे. ताईंनी रक्त घेतलं आणि एक डायरी दिली. चौदा दिवस जे जे तोंडात जाईल ते लिहायचं. किती वाजता, काय, कोणी बनवलं, सामान कुठून आणलं. मी शाईच्या पेनानं लिहिली, खाडाखोड नको म्हणून.

पंधराव्या दिवशी आहारतज्ज्ञ मॅडमनी ती डायरी वाचली. ताई शेजारीच बसल्या होत्या. रक्ताचा रिपोर्ट आलेला होता, आकडा वरच होता, आणि मी मनातल्या मनात खूश होतो. मॅडमचं बोट एका ओळीवर थांबलं.

"तांदळाचं पीठ. घरून. घरी कशावर दळतात?"

"चक्कीवर. गावातल्या."

"त्याच चक्कीवर गहू दळतात?"

"सगळंच दळतात, मॅडम."

"आईला फोन लाव."

मी लावला. मॅडमनी तो स्पीकरवर ठेवायला सांगितला आणि विचारलं, "ताई, मुलासाठी पीठ दळायला देता, तेव्हा काय काळजी घेता?"

ज्यांना चक्कीची माहिती नाही त्यांच्यासाठी एवढं सांगतो, की आधीच्या दळणाचं थोडं पीठ दगडांच्या फटीत राहतं आणि पुढच्याच्या डब्यात पडतं. म्हणून बायका रांगेत उभ्या राहून भांडतात, माझं दळण कशावर टाकतोस म्हणून. हरभऱ्याच्या डाळीवर तांदूळ दळला तर पीठ पिवळं होतं. मिरचीवर दळला तर खल्लास.

आईचा आवाज आला. डॉक्टरांशी बोलायचं म्हणून तिनं तो जरा वर चढवला होता, आणि त्यात अभिमान होता.

"मॅडम, त्याच्या पिठाची तं मी लय काळजी घेतो. डाळीवर कधीच दळू देत नाही. मिरचीच्या तं जवळच नाही जाऊ देत. चक्कीवाल्या भाऊले सांगूनच ठेवलं हाय, की माह्या पोराचं दळन हाय, हे गव्हावरच टाकत जाय. गव्हावरचं कसं पांढरंशुभ्र निंगते. मी उभी राहतो मॅडम, गव्हाचा डबा संपेपर्यंत. मंगच माहे तांदूळ टाकू देतो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. आई म्हणाली, "हॅलो? चुकलं का काही?"

"नाही ताई," मॅडम म्हणाल्या. "धन्यवाद." त्यांनी फोन बंद केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वर्षभर दोन वेळा."

मला कळायला थोडा वेळ लागला. मग ताई म्हणाल्या, "तुझा गहू सुटलेलाच नाही रे. आम्हाला असे लोक हवेत, ज्यांचा गहू खरोखर पूर्ण सुटलाय आणि तरी ते बरे नाहीत. आत्ता मी तुला घेऊ शकत नाही."

पुढे मी जे बोललो ते लिहायला लाज वाटते. मी म्हणालो, "ताई, ते लिहू नका ना. तुमच्या डायरीत चक्कीचा कॉलमच नाही. कोणाले कळनार हाय?" घाबरलो की माझी भाषा गावाकडे जाते. मी हात जोडले होते. मी म्हणालो की माझी परीक्षा आहे, की बाबांनी कंत्राटदाराला सांगून ठेवलंय, की मला हाकलू नका.

ताईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. "मी लिहिलं नाही, तर हे औषध चालतं की नाही, हे कोणाला कसं कळणार? उद्या तुझ्यासारखाच एखादा ते औषध घेणार आहे." मग म्हणाल्या, "तीन महिने स्वच्छ पीठ खा. परत रक्त तपासू. तेव्हाही आकडा वर असला आणि आमची भरती सुरू असली, तर मी स्वतः तुला फोन करीन."

त्या शनिवारी मी गावी गेलो. बसमध्ये मी वाक्यं जुळवत होतो. आईला कसं सांगायचं? ती अंगणात तांदूळ निवडत बसली होती, माझ्यासाठीच. मी सांगितलं. तिचा हात सुपात फिरतच राहिला.

"म्हणजे मीच चारलं तुले," ती म्हणाली.

"नाही वं माय. कोणाले माहीत होतं?"

"उभी राहून चारलं."

बाबा दारातून म्हणाले, "चक्कीवाल्यानं सांगाले पाह्यजे होतं."

"त्याले काय बोलता? तो तं म्हने, काकू, कशाले थांबता, डाळीवर टाकून देतो. मीच ऐकलं नाही." मग ती उठली आणि सूप तसंच ठेवून शेजारच्या काकूंकडे गेली.

काकूंकडे एक जातं होतं. ते फक्त लग्नाच्या वेळी बाहेर निघायचं, नवरानवरीची हळद दळायला. बाकी वर्षभर गोठ्याच्या भिंतीला टेकून असायचं. आईनं ते बाबांच्या सायकलवरून घरी आणलं, घासून धुतलं, तीन दिवस उन्हात ठेवलं, दगड पुन्हा खरखरीत व्हावा म्हणून पाथरवटाकडून नव्यानं टाकी मारून घेतली, आणि पहिले दोन पायल्या तांदूळ भरडून कोंबड्यांना घातले. दुसऱ्या दिवसापासून सकाळी घरघर सुरू झाली. आमच्या गल्लीत जातं वाजलं म्हणजे कोणाच्या तरी घरी लग्न असतं. बायका कुंपणावरून डोकावल्या.

"काय वं, पोराचं लगन काढलं का? आमाले सांगतलं पन नाही!"

"काढलं नं," आई न थांबता म्हणाली. "तांदळाशी. गव्हाशी सोडचिठ्ठी झाली."

बायका हसल्या. एकीनं विचारलं, "मंग हुंडा काय देल्ला?"

"माहे दोनी हात," आई म्हणाली.

ते पीठ भरड होतं. भाकर थापताना तुटायची. रामटेकचा म्हणायचा, "हे भाकर नाही, हा नकाशा आहे." पण महिन्याभरात मला एक गोष्ट जाणवायला लागली. दिवसातून मला दोनदाच पळावं लागत होतं. दुसऱ्या महिन्यात जिना एका दमात चढलो आणि वर जाऊन उभा राहिलो, की आता डोळ्यांपुढे काळं येईल. आलं नाही.

कोणाला वाटेल की मला आनंद झाला असेल. मला धडकी भरली. मला वाटलं, हे टिकणार नाही. वर्षापूर्वीही सुरुवातीला असंच बरं वाटलं होतं आणि मग थांबलं होतं. हे मधलं बरं वाटणं आपला आकडा खाली आणणार, ताई आपल्याला घेणार नाहीत, भरती संपणार, आणि नंतर परत पडलो तर हातात काहीच नसणार. माझ्या डोक्यात ती गोळीच खरी होती. आईचं पीठ हे फक्त गोळी मिळेपर्यंत दिवस काढायचं साधन, असं मी धरून बसलो होतो. मी जास्त विचार केला की चुकीचाच करतो. आमच्या सरांनीही मला हे सांगितलं आहे.

तपासणीला तीन आठवडे उरले असताना मी दुपारी जुन्या मेसमध्ये गेलो. मेसवाल्या काकांनी ओळखलं. "या महाराज! सुटला का उपास?"

"सुटला," मी म्हणालो.

त्यांनी गरम पोळ्या वाढल्या, वर तूपही सोडलं. मी तीन खाल्ल्या. चव घेतली नाही, औषध गिळावं तशा गिळल्या. आकडा वर राहावा म्हणून रोज यायचं, असं ठरवलं होतं. पण संध्याकाळीच पोट पिळायला लागलं आणि पुढचे चार दिवस मी अंथरुणातून उठलो नाही. त्यात एक प्रॅक्टिकल गेलं. रामटेकचा माझ्यासाठी पेज करायचा आणि शिव्या द्यायचा.

"अबे, लोक पास व्हायले कॉपी करतेत. तू नापास व्हायले करून राहिला."

मी भिंतीकडे तोंड केलं.

"आनि तुह्या मायले काय सांगशील? तिकडं ते फिरवून राहिली जातं, अन् तू इकडं पोळ्या हानून राहिला."

तपासणीसाठी ताईंनी डायरी पुन्हा चालू करायला लावली होती. त्या दिवसाची ओळ मी कोरी ठेवली होती. पाचव्या दिवशी उठून बसता आलं, तेव्हा ती उघडली. दुपारी एक वाजता. गव्हाच्या पोळ्या तीन. कोणी बनवल्या, मेसवाल्या काकांनी. का खाल्ल्या, असा कॉलम नव्हता. तेवढं नशीब, असं मला वाटलं.

पण ताईंनी तो कॉलम तोंडी विचारला. रक्त द्यायला गेलो, तेव्हा त्या डायरी चाळत होत्या आणि त्या ओळीपाशी थांबल्या.

"हे काय?"

मी खाली बघत सांगितलं. आकडा उतरला तर तुम्ही मला घेणार नाही, म्हणून.

ताईंनी डायरी मिटली. मग त्यांचा आवाज चढला. मी तो पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "अरे, आजार वाढवून औषध मागतोस? आम्ही इथे कशासाठी बसलोय?" शेजारच्या टेबलावरच्या नर्सनं वळून पाहिलं. ताईंनी स्वतःला आवरलं. "लिहिलंस, हे बरं केलंस. न लिहिता आला असतास, तर मी तुला या खोलीत परत येऊ दिलं नसतं."

नर्सनं रक्त घेतलं. मी कापूस दाबून बसलो. मला विचारायचं होतं की आकडा काय येईल. पण मी काय यावा असं मागतोय, हेच मला सांगता येत नव्हतं. वर आला तर मी अजून आजारी. खाली आला तर दार बंद. मी काही न विचारता निघालो.

रिपोर्टला आठ-दहा दिवस लागतील, असं सांगितलं होतं. ते दिवस मी अभ्यास करत होतो असं म्हणू शकत नाही, पण पुस्तक उघडं असायचं. आईला पोळ्यांचं सांगितलं नाही. तिनं पीठ पाठवलं ते आधीपेक्षा बारीक होतं. फोनवर म्हणाली, आता हात बसला. बाबांनी विचारलं, "परीक्षेचं काय ठरलं?" मी म्हणालो, "फॉर्म भरला आहे." ते "बरं" म्हणाले आणि कंत्राटदाराचा विषय काढला नाही.

बाराव्या दिवशी मी हॉल तिकिटाच्या रांगेत उभा होतो. खिडकी अजून उघडली नव्हती. पुढे पस्तीस-चाळीस जण. फोन वाजला, ताईंचं नाव दिसलं, आणि मी रांग सोडून जिन्याखाली गेलो, जिथून सगळे फोन करायचो.

"कुठे आहेस?" ताईंनी विचारलं.

"कॉलेजात. रांगेत आहे."

"मग पटकन सांगते. रिपोर्ट आला. आकडा अर्ध्याच्याही खाली उतरलाय, तुझ्या त्या तीन पोळ्या धरून. डॉक्टरांनी पाहिला. म्हणाले, याच पिठावर राहिला तर अजून उतरेल."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकतोयस ना? म्हणजे मी तुला अभ्यासात घेऊ शकत नाही. तुझं नाव मी आज काढलं."

"ताई, परत एकदा सांगा," मी म्हणालो.

त्यांनी परत सांगितलं, संमतीपत्र वाचून दाखवलं होतं तसं, हळूहळू, पहिल्या शब्दापासून.